व्हायोला-पियानोची मैफल: रिबेका क्लार्क आणि मंडळी

मधलीतार

लोकहो, इथे वेस्टर्न क्लासिकल ऐकणारे किती जण आहेत माहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवेना. शनिवारी इथे लंडनमधे एका छोट्या चर्चात व्हायोला आणि पियानोची मैफल ऐकली. सगळा प्रोग्रॅम बायकांनी लिहिलेल्या म्युझिकचा. क्लारा शूमान सोडली तर आमच्या रांगेतल्या कुणालाच एकही नाव ओळखीचं नव्हतं, मी कॉलेजात असताना व्हायोलिन सोडून व्हायोला धरलेला त्यामुळे मला अजून एक नाव माहीत होतं, रिबेका क्लार्क. धागा मुख्यतः तिच्यावर आहे, बाकीच्या येतील अधूनमधून.

आधी व्हायोला म्हणजे काय ते सांगते, नाहीतर प्रतिसादात पहिला प्रश्न तोच येणार. व्हायोलिनपेक्षा अंगाने जरा थोराड, धरायचं तसंच हनुवटीखाली, तारा चार, सी जी डी ए. म्हणजे व्हायोलिनची सगळ्यात वरची ई तार नाही, त्याऐवजी खाली एक जाड सी तार. आता एवढ्या खालच्या सुरांसाठी लाकडी पेटी खरं म्हणजे बरीच मोठी पाहिजे, पण तेवढी केली तर माणसाचा हात पुरणार नाही, म्हणून मग सगळीच तडजोड, कुणाचा व्हायोला 15 इंची तर कुणाचा 17. आवाज त्यामुळेच असा दाबलेला, थोडा नाकातला येतो. सोलोला वर्षानुवर्षं कुणी विचारत नव्हतं, ऑर्केस्ट्रात मधली जागा भरायला बसवायचे, व्हायोलिन जमत नाही त्याला व्हायोला द्या असा सगळा कारभार.

तर रिबेका क्लार्क. जन्म 1886, लंडनजवळचं हॅरो. हो हो तेच हॅरो, जिथे आज आपली निम्मी मंडळी राहतात आणि शनिवारी भाजीला जातात. वडील अमेरिकन, आई जर्मन, वडील भयंकर तापट. रॉयल अकॅडमीत व्हायोलिन शिकत होती, तिथल्या हार्मनीच्या मास्तरांनी, पर्सी माइल्स नाव त्यांचं, एकदम लग्नाचंच विचारलं, वडिलांनी ताबडतोब काढून घेतलं कॉलेजातून. पुढे या माइल्सनी मृत्युपत्रात आपलं स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन हिच्या नावे ठेवलं, बोला आता. मग रॉयल कॉलेजात चार्ल्स स्टॅनफर्डकडे कॉम्पोझिशन शिकली, त्याच्याकडे शिकलेल्या अगदी सुरवातीच्या मुलींपैकी ही, आणि त्यानेच सांगितलं की व्हायोला घे, म्हणजे तू नादाच्या बरोब्बर मधे बसशील, कुठून काय येतंय ते आतून कळेल. व्हायोला ती लायोनेल टर्टिसकडे शिकली, जो त्या काळी व्हायोलाला सोलो वाद्य म्हणून उभं करायला जिवाचं रान करत होता. 1910 मधे बापाने घराबाहेर काढलं, बाईने वाजवून पोट भरायला सुरवात केली. हेन्री वुड या कंडक्टरने लंडनच्या क्वीन्स हॉल ऑर्केस्ट्रात पहिल्यांदा बायका घेतल्या त्यात ही होती.

आता खरी गोष्ट. अमेरिकेत एलिझाबेथ स्प्रेग कूलिज नावाची एक श्रीमंत बाई चेंबर म्युझिकवर (मोजक्या वादकांचं संगीत) पैसा लावायची, तिने 1919 साली व्हायोला आणि पियानोसाठी स्पर्धा ठेवली. 70 च्या वर एंट्रीज आल्या, सगळ्या निनावी. सहा परीक्षक, शेवटी दोन रचनांवर तीन विरुद्ध तीन अडकले, कूलिजबाईंनी आपलं मत एका बाजूला टाकलं आणि पहिलं बक्षीस अर्नेस्ट ब्लॉख या संगीतकाराच्या स्वीटला (छोट्या भागांची मालिका) गेलं. नियमाने दुसरं नाव उघडायचंच नव्हतं पण परीक्षकांना राहवेना, उघडलं तर बाई! चेहरे बघण्यासारखे झाले होते असं कूलिजबाईंनीच नंतर तिला सांगितलं. वर पेपरात काय छापून आलं तर म्हणे रिबेका क्लार्क अशी कुणी बाईच नाहीये, हे ब्लॉखचंच टोपणनाव असणार. म्हणजे तिचा सोनाटा (एकदोन वाद्यांसाठीची, काही भागांची मोठी रचना) एवढा चांगला आहे की तो बाईचा नाही, आणि पुरुषही दुसरा कुणी नको, जो जिंकला तोच हाही.

तो सोनाटा शनिवारी शेवटी वाजवला. सुरवातीला पियानो एक सूरगुच्छ धरून नुसता थांबतो आणि त्यावर व्हायोला तुतारी फुंकल्यासारखा घुसतो, मग एकटाच बराच वेळ बोलत राहतो. मधली मूव्हमेंट (म्हणजे भाग) म्यूट, म्हणजे आवाज दाबणारी चिमटी, लावून, पळती, गमतीची, पिझिकाटो (तार बोटाने छेडणं) आणि हार्मोनिक्सचा (तारेला हलकेच बोट लावून काढलेले शिट्टीसारखे सूर) नुसता खेळ. शेवटची एकदम उलट, पियानो एकट्याने साधी सरळ चाल म्हणतो, इतकी साधी की वाटतं पुढे काही होणारच नाही, आणि मग हळूहळू व्हायोला गज पार ब्रिजला (तारा पेलणारी घोडी) चिकटवून थरथरत एकच सूर धरून बसतो, खाली पियानो पहिल्या भागातलं काहीतरी आठवल्यासारखं करतो आणि तिथून जे चढत जातं ते शेवटपर्यंत थांबत नाही. पंचवीसेक मिनिटं. पियानोवालीला साथीदार म्हणणं अन्याय आहे, तिचा भाग व्हायोलापेक्षा अवघड असेल.

बाकी लुइसे आडोल्फा ल बो ची तीन छोटी पीसेस होती (जर्मन, 1850 ची, काही दिवस क्लारा शूमानकडे पियानो शिकलेली), हेलेन फ्लरी-रॉयची फँटसी, आणि क्लाराचे तीन रोमान्स (गाण्यासारखी छोटी पीसेस), जे मूळ व्हायोलिनचे आहेत, 1853 चे, योआखिम या व्हायोलिनवाल्यासाठी लिहिलेले. ल बो आवडली, फ्लरी-रॉय मला स्वतःला परीक्षेसाठी लिहिल्यासारखी वाटली, सगळी करामत दाखवून झाली की संपली.

आणि हे सगळं ऐकताना मला जे वाटलं ते असं की मधे विसरली गेलेली क्लार्क आता परत वाजवली जाते ती बायकांबद्दल कुणाला कळवळा आला म्हणून नाही, तर व्हायोलावाल्यांकडे वाजवायलाच काही नव्हतं म्हणून. ब्राम्स वाजवा, तर ते मूळ क्लॅरिनेटचे सोनाटे. शूबर्ट वाजवा, ते आर्पेजोने नावाच्या मेलेल्या वाद्याचं. भुकेलेल्या माणसाला 1919 चा अस्सल व्हायोला सोनाटा सापडला तर तो बाई-पुरुष बघत नाही. हेच तिने व्हायोलिनसाठी लिहिलं असतं तर गेलं असतं गठ्ठ्यात. पटतंय का बघा.

अळूवडी

वाखुसा (वाचनखूण साठवली). म्युझिकमधलं ओ की ठो कळत नाही पण गोष्ट भारी आहे. त्या माइल्सच्या व्हायोलिनचं पुढे काय झालं ते सांगा आधी.

मधलीतार

@अळूवडी, विकलं तिने. त्या पैशातून रॉयल अकॅडमीत चेलोवाल्यांसाठी एक बक्षीस ठेवलं, मे मकल या मैत्रिणीच्या नावाने. दोघी एकत्र जगभर वाजवत फिरलेल्या, 1923 मधे तर ब्रिटिश वसाहतींचा मोठा दौरा केला होता.

पेठेतला_वाकडा

लेख चांगला, पण एक शंका, रागावू नका. हे बायकांची वेगळी मैफल प्रकरण कशासाठी? संगीत चांगलं असेल तर टिकतंच की. बाख पण मधे विसरला गेला होता, मेंडेल्सननी काढला वर. उगाच प्रोग्रॅमवर 'दुर्लक्षित' असा शिक्का मारला की ऐकणारा आधीच सहानुभूतीने ऐकतो, टाळ्या वाजवतो, आणि घरी जाऊन परत बेथोव्हेनच लावतो. मला उद्या कुणी दुर्लक्षित पुणेकर म्हणून मैफल ठेवली तर मी जाणार नाही. (दुर्लक्षित पुणेकर हा प्रकारच अस्तित्वात नाही हे मान्य.)

बोस्टनकर

@पेठेतला_वाकडा, साहेब तुम्ही म्हणता तसा प्रयोग होऊन गेलाय की, आणि तो वर धाग्यातच लिहिलाय. 1919 ची स्पर्धा निनावी होती. नाव नाही, शिक्का नाही, सहानुभूती नाही. तरी बरोबरीत सुटली. मग पुढची 50 वर्षं गायब का? चांगलं टिकतं हे अर्धंच खरं आहे, टिकायला ते आधी छापलेलं पाहिजे, दुकानात मिळालं पाहिजे, मास्तरने शिकवलं पाहिजे. क्लार्कबाईंच्या हयातीत 20 च्या आसपासच गोष्टी छापल्या गेल्या आणि ती 1979 ला वारली तोवर त्यातल्याही बहुतेक मिळेनाशा झाल्या होत्या. बाकीचा ढीग घरात हस्तलिखितं.

मी इथून जवळ असल्यामुळे दोनतीनदा पिट्सफील्डला गेलोय, पश्चिम मॅसॅच्युसेट्सात, जिथे हा सोनाटा पहिल्यांदा वाजला तो बर्कशायर फेस्टिव्हल तिथलाच. लुई बायीने व्हायोला वाजवला, पियानोवर हॅरल्ड बावर, म्हणजे तेव्हाची पहिल्या फळीतली माणसं, कुणी हौशी नव्हेत. 1921 ला लंडनच्या चेस्टर या प्रकाशकाने छापला. त्याच वर्षी तिचा पियानो ट्रिओ (पियानो, व्हायोलिन आणि चेलोची रचना) परत कूलिज स्पर्धेत दुसरा आला, 1923 ला कूलिजबाईंनी चेलोसाठी 'रॅप्सडी' नावाची रचना लिहायला पैसे दिले, 1925 ला लंडनच्या विग्मोर हॉलमधे अख्खी मैफल फक्त तिच्या रचनांची. इतकं सगळं होऊन पण. म्हणजे सुरवात वाईट नव्हतीच, धार नंतर आटली.

अवांतर: बाखची हस्तलिखितं पोरांनी आणि शिष्यांनी सांभाळून ठेवली होती हो, आभाळातून नाही पडली मेंडेल्सनच्या हातात.

पेठेतला_वाकडा

छापण्याचा मुद्दा मान्य. शिक्क्याचा मुद्दा माझा अजून शाबूत आहे. आणि धार आटली ती बाईंनी स्वतः लिहायचं थांबवलं म्हणून का?

मधलीतार

थांबवलं असं एका दिवशी नाही. तिचं स्वतःचं म्हणणं होतं की सकाळी उठल्यावर पहिला विचार आणि झोपताना शेवटचा विचार हाच असेल तरच मला लिहिता येतं. आता पोटासाठी वाजवायचंय, दौरे आहेत, त्यात हे कसं जमणार. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला अमेरिकेत भावांकडे अडकली, तिथे परत थोडं लिहिलं, 1941 चं 'पॅसकाग्लिया ऑन अॅन ओल्ड इंग्लिश ट्यून' व्हायोला-पियानोचं तेव्हाचं, फार गंभीर आणि सुंदर आहे, शनिवारी नव्हतं पण ऐकाच. 1944 ला जेम्स फ्रिस्किनशी लग्न झालं, कॉलेजातला जुना मित्र, न्यूयॉर्कच्या जुलिअर्ड म्युझिक स्कूलमधे पियानो शिकवायचा. तो म्हणे लिही लिही म्हणून मागे लागायचा, पण त्यानंतर फारसं काही नाही.

परत उजेडात आली ती योगायोगानेच. 1976 मधे न्यूयॉर्कच्या एका रेडिओ स्टेशनला मायरा हेस या पियानिस्टवर कार्यक्रम करायचा होता, तिला ओळखणारी म्हणून नव्वदीच्या या बाईंकडे गेले, बोलता बोलता निघालं की मी पण लिहायचे हो. मग तिच्यावरच कार्यक्रम झाला. त्यानंतर तीनच वर्षं जगली.

खर्ज

मस्त धागा. ब्लॉखचं टोपणनाव वाचून हसू आलं पण त्याच्या आदल्याच वर्षी तिने खरोखर टोपणनाव घेतलं होतं ते कुणी लिहिलं नाही अजून. 1918 ला न्यूयॉर्कात तिचा आणि मे मकलचा कार्यक्रम होता, त्यात स्वतःच्या बऱ्याच रचना होत्या, सारखं आपलंच नाव छापलेलं बरं दिसत नाही म्हणून 'मॉर्फियस' नावाच्या व्हायोला-पियानोच्या पीसवर हिने अँथनी ट्रेंट असं नाव टाकलं. झालं, समीक्षकांना ट्रेंटसाहेबच जास्त दखल घेण्यासारखे वाटले. मॉर्फियस पुस्तकरूपात छापलं कधी, तर 2002 ला!

आता मराठी माणूस म्हणून मला लगेच आनंदघन आठवले. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना लताबाईंनी संगीत दिलं ते या पुरुषी नावाने. 'साधी माणसं' ला राज्य पुरस्कार जाहीर झाला, आनंदघन यांनी स्टेजवर यावं म्हणून पुकारा झाला, आणि त्या जागच्या उठेनात, मग निवेदकानेच सांगून टाकलं की हे आनंदघन इथेच बसलेत. ऐरणीच्या देवा ऐकताना आजही कितीतरी लोकांना माहीत नसतं चाल कुणाची.

अळूवडी

+१ खर्ज, मला पण तेच आठवलेलं.

आणि सांग सांग भोलानाथ मीना खडीकरांचं आहे हे किती जणांना माहितीये? आमच्याकडे संगीतकार म्हटलं की डोळ्यापुढे पेटीमागे बसलेला पुरुषच येतो.

मधलीतार

@खर्ज, मॉर्फियस होतं शनिवारी! मी मुद्दाम राखून ठेवलं होतं कुणीतरी काढेल म्हणून. सहासात मिनिटांचं, म्यूट लावून सुरू होतं, पियानोत नुसतं धुकं. दबुसी हा फ्रेंच संगीतकार ऐकलाय तिने हे कळतं.

आनंदघनची तुलना मला पूर्ण पटत नाही मात्र. लताबाई त्या वेळी लताबाई होत्या, नाव झाकलं तरी त्यांचं काही बिघडणार नव्हतं, उलट गायिका म्हणून सगळ्या संगीतकारांशी रोजचं काम होतं तिथे ओशाळं व्हायला नको असा भाग असेल. ट्रेंटला मात्र जी दाद मिळाली ती क्लार्कच्या हातून गेली, आणि ती पुढे आयुष्यभर हा किस्सा सांगायची त्यात गंमत होती तेवढीच चीड पण होती असं मला वाटतं.

सुशेगाद_नव्हे

गोव्यातून. माझे आजोबा मुंबईला फिल्म रेकॉर्डिंगमधे व्हायोला वाजवायचे, त्यामुळे हा धागा चुकवणं शक्यच नाही. गावच्या चर्चच्या शाळेत सोल्फेज (सूर नावांनी गाणं) आणि नोटेशन शिकलेले, साठच्या दशकात ताडदेव-महालक्ष्मीला रेकॉर्डिंग असायची, पन्नासपन्नास व्हायोलिनं आणि मागे चारपाच व्हायोले. ते सांगायचे व्हायोलाला कायम लांब लांब सूर धरायला देतात, मधूनच अरेंजरला (कुठलं वाद्य काय वाजवेल ते कागदावर लिहिणारा) दया आली की एखादी ओळ मिळते, आणि मिळालेली ओळ मायक्रोफोनपासून इतकी लांब की रेकॉर्डवर ऐकू येत नाही.

मुद्दा असा की वर बायकांचं चाललंय ते खरंच आहे पण या व्यवसायात नाव कुणाचं जातं हा प्रश्न त्याहून मोठा आहे. सेबास्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनसाठी किती अरेंजमेंट केली, अँथनी गोन्साल्विसनी किती, रेकॉर्डच्या कव्हरवर कुठे होती नावं? कागदावर नोट लिहिणारा माणूसच गायब. आजोबांची पार्ट्सची कागदं रेकॉर्डिंग झालं की तिथेच टाकून देत, एक पण राहिलं नाही घरात. क्लार्कबाईंचा निदान गठ्ठा होता.

आजोबा म्हणायचे व्हायोलाची सी तार चांगली लागली की सारंगीवाले पण मान वर करून बघायचे.

मधलीतार

वा. @सुशेगाद_नव्हे, यावर वेगळा धागा काढा प्लीज, इथे प्रतिसादात वाया जाईल.

बोस्टनकर

धागा काढाच. जमलं तर आजोबा कुठल्या कुठल्या गाण्यांत होते ते पण.

तिसरीघंटा

उशिरा आले. मधलीतार, एन्कोर (टाळ्यांनंतरचं जादा पीस) काय वाजवला? या अशा प्रोग्रॅमच्या शेवटी हमखास पॅराडिसचं 'सिसिलिएन' वाजवतात म्हणून विचारतेय.

मधलीतार

हाहा, वाजवलं! पण वादकाने आधी माइक घेऊन सांगितलं की हे तिचं नाहीये.

तिसरीघंटा

मग चांगला माणूस आहे. बाकीच्यांसाठी: मारिया थेरेसिया फॉन पॅराडिस ही 1759 ते 1824 ची व्हिएन्नाची पियानिस्ट, लहानपणीच दृष्टी गेलेली, युरोपभर कार्यक्रम करायची, खरोखर संगीतकार होती, ऑपेरे लिहिलेत. पण तिच्या नावाने जे एकमेव पीस सगळे वाजवतात ते 1924 च्या सुमाराला सॅम्युएल डुश्किन नावाच्या व्हायोलिनिस्टने 'शोधून' छापलं, त्याचं मूळ हस्तलिखित कुणाला कधी दिसलं नाही, आणि चाल वेबर या संगीतकाराच्या एका व्हायोलिन सोनाट्याच्या संथ भागाशी फारच जुळते. आज बहुतेक जाणकार डुश्किननेच केलं असं मानतात. 2018 ला ब्रिटनच्या राजपुत्राच्या लग्नात शेकू कॅनी-मेसनने चेलोवर वाजवलं तेच हे, तेव्हा अख्ख्या जगाने ऐकलं.

म्हणजे बघा, बाईने लिहिलेलं पुरुषाचं समजतात आणि पुरुषाने लिहिलेलं बाईच्या नावावर खपतं, आणि त्या बिचाऱ्या पॅराडिसचं स्वतःचं जे होतं त्यातलं बरंच हरवलं ते हरवलंच. पेठेतल्या काकांच्या शिक्क्याच्या मुद्द्याला इथे माझं थोडं अनुमोदन आहे, शिक्का मारून विकायचं असलं की मग नाव तपासायला कुणी थांबत नाही.

पेठेतला_वाकडा

काका नाही हो, पण अनुमोदन स्वीकारतो. आज सोनाटा ऐकला. टाबेआ झिमरमन आणि किरिल गर्स्टाइनचं रेकॉर्डिंग मिळालं. पहिली मूव्हमेंट उत्तम, दुसरी ठीक, तिसरी दोनदा ऐकली. त्याच्यामागोमाग ब्लॉखचा स्वीट पण लावला, प्रामाणिकपणे सांगतो मला ब्लॉख जास्त आवडला, जास्त रानटी आहे. म्हणजे कूलिजबाईंचं मत बरोबर.

खर्ज

तुम्ही सातवे परीक्षक. आता बरोबरी नाही होणार.

मधलीतार

चालेल की. दोन्ही ऐकून ब्लॉख आवडला हे म्हणणं वेगळं, दुसरं ऐकलंच नाही हे वेगळं. माझं मत उलटं आहे, ब्लॉखचा स्वीट मला पसरट वाटतो, पण हे वाजवणाऱ्याचं मत, बोटांना कुठलं सुखाचं पडतं त्यावर पण असतं ते.

कोथरूडची_आई

माझा प्रश्न जरा जमिनीवरचा आहे. लेक 16 ची, व्हायोलिनच्या ग्रेड परीक्षा दिल्या, आता सरांनी व्हायोला हातात दिलाय कारण ग्रुपमधे कुणी नाही वाजवत. अल्टो क्लेफवरून (व्हायोलाचे सूर लिहायची वेगळी पद्धत) घरात रोज रडारड. तिला यातलं काय वाजवता येईल आणि कागद मिळणार कुठे?

मधलीतार

रडारड महिनाभरात थांबेल, सगळ्यांची थांबते. मधली रेघ म्हणजे मधला सी एवढं धरून बसायला सांगा. क्लार्कचा सोनाटा अजून नको. ल बो ची ओपस (रचना क्रमांक) 26 ची तीन पीसेस बघा, त्यातलं पोलोनेज जरा उड्या मारायला लावतं, पण नाख्तश्टुक आणि ट्रॉयमराय गाऊन वाजवायची आहेत, व्हायोलिनवरून आलेल्या मुलीला आवाज कसा काढायचा ते त्यातून कळेल, गज जड आणि हळू. ल बो 1927 ला वारली त्यामुळे कॉपीराइटची भानगड नाही, नेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतात.

तिसरीघंटा

क्लार्कचं मात्र बघून. ती 1979 ला वारली, आपल्याकडे मृत्यूनंतर 60 वर्षं म्हणजे 2040 पर्यंत थांबा, युरोपात 70 म्हणजे 2050. अमेरिकेत सोनाटा मोकळा झालाय कारण तिथे जुन्या पुस्तकांना छापल्याचं साल धरतात. त्यामुळे साइटवर दिसला तरी इथे बसून डाउनलोड करताना विचार करा, विकत घेतलेला बरा.

कोथरूडची_आई

दोघींचे आभार. ल बो ची काढली, आवडली तिला, नाख्तश्टुक लगेच वाजवून पण बघितलं. आता पियानो कोण वाजवणार? सरांना वेळ नाही, आणि यूट्यूबवरच्या ट्रॅकबरोबर वाजवलं की ही एकीकडे आणि ट्रॅक दुसरीकडे. पुण्यात कुणी आहे का, कॅम्प साइडला असलं तरी चालेल, आम्ही सोडायला येऊ.

पेठेतला_वाकडा

आमच्या भाचीने पियानोच्या सगळ्या ग्रेड केल्यात, सध्या सुट्टीत घरीच आहे आणि दिवसभर मोबाईल बघते. राहते पण कोथरूडलाच, डहाणूकरला. बोलतो तिच्याशी, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय.